जीपीयू मोजणारा देश आणि लुकलुकणारी स्क्रीन

राष्ट्रीय विज्ञानवार्तांमध्ये गेल्या काही काळात एक आकडा सतत वाढत गेला आहे. मार्च 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 10,371.92 कोटी रुपयांच्या ‘इंडियाएआय मिशन’ला मान्यता दिली, तेव्हा 10,000हून अधिक जीपीयू उभे करण्याचे उद्दिष्ट होते. जानेवारी 2025 मध्ये हा आकडा 18,693 झाला आणि ते वर्ष सरण्यापूर्वी 38,000 वर पोचला. एखाद्या संशोधकाला तासाला सुमारे 65 रुपयांत असे यंत्र वापरायला मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. ज्यांनी हे साधले त्यांचे अभिनंदन करण्यात कंजुषी करण्याचे कारण नाही.

तक्रार वेगळी आहे. या वार्तांत जीपीयू धान्याच्या पोत्यांप्रमाणे मोजले जातात. पोती आली, गोदाम भरले, बातमी संपली. परंतु जीपीयू हे पोते नव्हे. संगणकाने त्याच्याशी बोलावे यासाठी मध्ये सॉफ्टवेअरचा एक थर लागतो, त्यास ड्रायव्हर म्हणतात. हा ड्रायव्हर कोणी लिहिला, तो बिघडल्यावर कारण कोण शोधणार आणि दुरुस्ती कोणाच्या परवानगीने होणार, हे प्रश्न मथळ्यांत क्वचितच दिसतात. माझे म्हणणे एका वाक्यात मांडतो. जीपीयू विकत घेता येतो, पण त्याचा ड्रायव्हर समजणारे मनुष्यबळ विकत घेता येत नाही. ते घडवावेच लागते. आणि ते घडवण्याची सर्वांत स्वस्त प्रयोगशाळा आपल्या शाळा-महाविद्यालयांत पडून आहे: लिनक्सवर चालणारा, स्क्रीन लुकलुकणारा, सर्वसाधारण संगणक.

हे विधान काहींना विनोदी वाटेल, म्हणून जरा विस्ताराने बोलू.

14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10चे सर्वसाधारण समर्थन संपले. नव्या आवृत्तीच्या अटींत न बसणारे, परंतु धडधाकट असलेले असंख्य संगणक एका तारखेने ‘जुने’ ठरले. भंगारात जाण्यापासून त्यांना वाचवण्याचा सर्वांत सरळ मार्ग म्हणजे लिनक्स. कोणी उत्साही शिक्षक किंवा विद्यार्थी ते बसवतो. पहिल्याच दिवशी कुठे स्क्रीन काळी पडते, कुठे खिडक्यांच्या कडांवर रंगीत ठिपके नाचतात, कुठे चित्र मधोमध फाटल्यासारखे दिसते, कुठे लॅपटॉप झोपेतून उठवला की मॉनिटर जागाच होत नाही. मग दोन प्रकारचे सल्ले मिळतात. पहिला: ‘सगळे पुसून पुन्हा टाका.’ दुसरा: ‘लिनक्स असेच असते, नाद सोडा.’ या दोन्ही सल्ल्यांत एकही निरीक्षण नाही, एकही प्रयोग नाही, एकही अनुमान नाही. संविधानाच्या कलम 51-अ मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य सांगितले आहे. ते कर्तव्य बुवाबाजीच्या विरोधात आपल्याला चटकन आठवते. संगणकापुढे बसल्यावर मात्र आपणच अंगारा-धुपाऱ्याच्या वृत्तीने यंत्र बंद करून पुन्हा चालू करत राहतो.

आता यंत्राच्या आत काय घडते ते पाहू. आपण पाहतो ते चित्र एका हातातून दुसऱ्या हातात जात स्क्रीनपर्यंत येते. ब्राउझर किंवा खेळ यांसारखा कार्यक्रम ‘असे रेखाटा’ म्हणून आज्ञा देतो. ‘मेसा’ हा ग्रंथालयवजा सॉफ्टवेअरसंच त्या आज्ञांचे जीपीयूच्या भाषेत रूपांतर करतो. ब्रायन पॉल यांनी 1993 मध्ये एकट्याने आरंभलेला हा प्रकल्प आज लिनक्सवरील बहुतेक मुक्त ग्राफिक्स ड्रायव्हरांचा कणा आहे. त्यापुढे लिनक्सच्या कर्नलमधील ड्रायव्हर स्मृतीची वाटणी करतो आणि कामांची रांग लावतो. जीपीयूच्या आत स्वतःचे फर्मवेअर चालते. कंपोझिटर नावाचा कार्यक्रम सर्व खिडक्या एकत्र मांडून अंतिम चित्र रचतो. शेवटी जीपीयूमधील प्रदर्शन-विभाग ते चित्र केबलवरून मॉनिटरकडे पाठवतो. स्क्रीन सेकंदाला 60 वेळा ताजी होत असेल, तर या साऱ्या प्रवासाला प्रत्येक चित्रामागे 17 मिलिसेकंदांहूनही कमी वेळ मिळतो. यांपैकी कोणीही एकाने वेळ चुकवली किंवा आज्ञेचा चुकीचा अर्थ लावला, की दोष आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो. म्हणून ‘ग्राफिक्स बिघडले’ हे निदान नव्हे. तो केवळ लक्षणाचा उच्चार आहे.

निदानाची रीत कठीण नाही. दोष दिसत असताना स्क्रीनशॉट घ्यावा आणि तो दुसऱ्या यंत्रावर पाहावा. दोष त्यात उतरला असेल, तर तो चित्र रचले जातानाच शिरला आहे. कार्यक्रम, मेसा किंवा कंपोझिटर यांच्याकडे बोट जाते. स्क्रीनशॉट स्वच्छ असेल, तर बहुधा बिघाड पुढच्या टप्प्यात असतो: प्रदर्शन-विभाग, केबल किंवा खुद्द पॅनेल. कित्येक लॅपटॉपांत वीज वाचवण्यासाठी पॅनेल स्वतःच जुने चित्र धरून ठेवते आणि त्या सोयीतूनच लुकलुक उद्भवते. इंटेलच्या ड्रायव्हरमध्ये ती सोय एका पर्यायाने बंद करून पाहता येते. संगणक चालू होताना, लिनक्स सुरू होण्याआधीच, ठिपके दिसत असतील तर ड्रायव्हरला दोष देण्यात अर्थ नाही. केबल बदलावी, दुसरा मॉनिटर जोडावा. सुरुवातीच्या मेनूतून आधीचे कर्नल निवडून पाहावे. जीपीयूला बाजूला ठेवून मुख्य संस्कारकाकडूनच रेखाटन करवून घेण्याची सोय मेसामध्ये आहे. तसे केल्यावर दोष नाहीसा झाला, तर संशय ड्रायव्हरवर स्थिरावतो. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलावी, बाकी सारे तसेच ठेवावे. नववीच्या प्रयोगवहीत याहून वेगळे काय शिकवतात?

काळ्या स्क्रीनची कारणेही अनेकदा अशीच साधी असतात. कर्नल अद्ययावत झाले, पण बाहेरून बसवलेला ड्रायव्हर नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधला गेला नाही. किंवा संगणकाची ‘सिक्युअर बूट’ ही सुरक्षा चालू आहे आणि ड्रायव्हरवर तिला मान्य असलेली स्वाक्षरी नाही, म्हणून तो आत घेतलाच गेला नाही. दोन्ही गोष्टी कर्नलच्या नोंदवहीत स्पष्ट लिहिलेल्या सापडतात. तरीही सर्वांत लोकप्रिय उपाय कोणता? सुरुवातीच्या ओळीत ‘नोमोडसेट’ हा शब्द घालणे. त्याने स्क्रीन उजळते खरी, पण कर्नलमधला ग्राफिक्स ड्रायव्हर बाजूला सारून फर्मवेअरने आखून दिलेल्या साध्या चौकटीत चित्र दाखवले जाते, आणि जीपीयूची गती बहुधा हरपते. नोमोडसेट ही कुबडी आहे. मोडलेला पाय तपासायला डॉक्टरपर्यंत जाता यावे यासाठी ती असते. आपण तीच कुबडी जन्मभर वापरतो आणि वर ‘लिनक्स मंद आहे’ असे म्हणतो.

आता याच रीतीने, पण सार्वजनिकपणे आणि वर्षानुवर्षे तपासल्या गेलेल्या एका दोषाकडे पाहू. लिनक्सवर जुन्या ‘एक्स’ प्रणालीची जागा ‘वेलँड’ घेत होती. एनव्हिडियाच्या कार्डांवर, विशेषतः जुन्या पद्धतीने लिहिलेले कार्यक्रम वेलँडमध्ये चालवताना, खिडक्या लुकलुकत, क्षणापूर्वीचे चित्र मध्येच झळकून जाई. कारण समन्वयाचे होते. इंटेल आणि एएमडी यांच्या मुक्त ड्रायव्हरांत ‘या चित्राचे रेखाटन अजून पूर्ण झालेले नाही’ हा निरोप कर्नल आपोआप चित्राच्या बफरला चिकटवून ठेवत असे. एनव्हिडियाचा ड्रायव्हर या अलिखित शिरस्त्यात नीट बसत नव्हता, म्हणून कंपोझिटर अर्धवट चित्र उचलून दाखवी. उपाय असा ठरला की हा निरोप गृहीत न धरता प्रत्येकाने तो उघडपणे द्यावा-घ्यावा. मार्च 2024 मध्ये वेलँडच्या नियमावलीत तशी तरतूद झाली. त्यानंतरच्या काही महिन्यांत ग्नोम 46.1, एक्सवेलँड 24.1 आणि केडीई प्लाझ्मा 6.1 यांनी ती स्वीकारली, आणि एनव्हिडियाच्या 555 मालिकेच्या ड्रायव्हरने अखेरचा दुवा जोडला. अनेकांच्या स्क्रीन शांत झाल्या.

या कथेत पाहण्यासारखे हे आहे की दोष एका घटकात नव्हता. दोन घटकांच्या परस्परांविषयीच्या गैरसमजात होता. तो सुटला, कारण प्रतिस्पर्धी कंपन्यांचे अभियंते आणि स्वयंसेवक एकाच सार्वजनिक चर्चेत बसले आणि नोंदी, चाचण्या व युक्तिवाद सर्वांना दिसतील अशा रीतीने मांडले गेले. ही विज्ञानाचीच पद्धत आहे. अशा चर्चेत एक देश म्हणून, संस्था म्हणून, आपली खुर्ची कुठे आहे?

येथे उत्तर येईल की बंगळूर आणि हैदराबाद येथे बसून भारतीय अभियंते याच कंपन्यांचे ड्रायव्हर लिहीत आहेत. हे सत्य आहे आणि अभिमानास्पदही आहे. परंतु ते ज्ञान ज्यांच्याकडून वेतन येते त्यांच्या प्राधान्यक्रमाने वापरले जाते. नव्या कार्डाची विक्री हे कंपनीचे प्राधान्य असणे स्वाभाविक आहे; एखाद्या जिल्हा परिषदेच्या शाळेतील दहा वर्षांपूर्वीचे कार्ड चालते ठेवणे हे तिचे प्राधान्य कसे असेल?

त्या दहा वर्षांपूर्वीच्या कार्डाची गोष्ट तर डोळे उघडणारी आहे. एनव्हिडियाच्या कार्डांसाठी ‘नूवो’ हा मुक्त ड्रायव्हर स्वयंसेवकांनी उलट-अभियांत्रिकीने लिहिला. कागदपत्रे मिळत नव्हती, म्हणून कार्डाच्या वर्तनाचे निरीक्षण करून त्याची भाषा उलगडली गेली. 2010 मध्ये तो मुख्य कर्नलचा भाग झाला. पण 2014च्या सुमारास आलेल्या 900 मालिकेपासून कंपनीने कार्डातील फर्मवेअर आपल्या डिजिटल स्वाक्षरीने बंदिस्त केले. त्यानंतर नूवोला त्या कार्डांचा वेग वाढवता येईना. चालू होताना असलेल्या मंद गतीतच ते राहिले. 2016 साली आलेली, भारतातही मोठ्या प्रमाणावर खपलेली 10 मालिका त्याच बंधनात आहे. 2018 नंतरच्या पिढ्यांत निराळी फर्मवेअर-रचना आल्याने ही अडचण सुटण्याची वाट उघडली. मधल्या पिढ्या मात्र अडकूनच राहिल्या. आणि 2025 मध्ये कंपनीने सांगितले की 900 आणि 10 या मालिकांना आधार देणारी 580 ही तिच्या स्वतःच्या ड्रायव्हरची अखेरची शाखा असेल. म्हणजे कंपनीचा ड्रायव्हर पुढे जाणार नाही आणि मुक्त ड्रायव्हरला पूर्ण वेगाची किल्ली मिळणार नाही. कार्ड ग्राहकाच्या मालकीचे, पण त्याच्या वेगाचे कुलूप विक्रेत्याच्या खिशात! अशा वस्तूला आपण ‘मालमत्ता’ म्हणून नोंदवतो.

येथे न्यायाने हेही सांगितले पाहिजे की कंपनीने मे 2022 मध्ये आपल्या ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग मुक्त परवान्याखाली खुला केला आणि नव्या कार्डांसाठी तोच भाग आता प्रमाण मानला आहे. ते स्वागतार्ह पाऊल आहे. मात्र बरीचशी बुद्धी कार्डातील फर्मवेअरमध्ये आणि कर्नलबाहेरच्या भागात आहे, आणि ते दोन्ही बंदच आहेत. दार उघडले आहे, तिजोरी नाही.

‘हा घरगुती संगणकाचा विषय आहे, राष्ट्रीय महासंगणकांशी त्याचा काय संबंध?’ हा दुसरा आक्षेप. संबंध थेट आहे. नोव्हेंबर 2017 पासून जगातील सर्वांत वेगवान 500 महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक संगणक लिनक्सवर चालतो. इंडियाएआयच्या यादीतील एच100 सारखी कार्डेही लिनक्सवरच राबतात. घरातल्या कार्डाने मान टाकली, की एनव्हिडियाचा ड्रायव्हर कर्नलच्या नोंदवहीत ‘एक्सआयडी’ या नावाने एक सांकेतिक क्रमांक लिहितो. उदाहरणार्थ 79, म्हणजे कार्डाशी असलेला संपर्कच तुटला. विदागारातल्या एच100ने मान टाकली, की तीच नोंद, तोच क्रमांक उमटतो. गल्लीतल्या संगणकावर ही लिपी वाचायला शिकलेला तरुण उद्या विदागारात निरक्षर ठरणार नाही.

आणि विदागारात मान टाकणे ही अपवादात्मक घटना नसते. मेटा कंपनीने आपले ‘लामा 3’ हे प्रारूप 16,384 एच100 कार्डांवर घडवले. तिने प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार 54 दिवसांच्या कालखंडात 419 वेळा काम अनपेक्षितपणे थांबले, म्हणजे सरासरी दर तीन तासांनी एकदा. त्यांतील सुमारे 30 टक्के व्यत्ययांमागे खुद्द जीपीयूचे बिघाड होते आणि आणखी सुमारे 17 टक्क्यांमागे कार्डावरील स्मृतीचे. आपल्याकडची 38,000 कार्डे अनेक ठिकाणी विखुरलेली असली, तरी बिघाडाचा हा नियम त्यांना चुकणार नाही. तेव्हा रात्रपाळीला बसलेल्या माणसाने काय करावे? यंत्र बंद करून पुन्हा चालू करावे आणि परदेशी कंपनीच्या मदतकेंद्राला पत्र लिहून उत्तराची वाट पाहावी?

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: ‘चिपच आपली नाही, तर ड्रायव्हर समजून काय उपयोग?’ याचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे. 1980च्या दशकात अमेरिकेने भारताला हवा असलेला क्रे महासंगणक देण्यात अडथळे आणले. त्यातून 1988 मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 1991 मध्ये ‘परम 8000’ उभा राहिला. त्या परममधील संस्कारक ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे होते. तरीही परम आपला होता, यात कोणाला शंका वाटली नाही. कारण ते संस्कारक परस्परांशी कसे बोलतात, काम कसे वाटून घेतात आणि कुठे अडखळतात, हे येथील माणसांना ठाऊक होते. परकीय चिप आणि स्वकीय जाण यांच्या बेरजेतून परम जन्मला. आज आपण चिपांची संख्या शेकडो पटींनी वाढवली. जाण मात्र विक्रेत्याच्या सेवाकरारात गहाण टाकली. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेने प्रगत चिपांच्या निर्यातीसाठी देशांची वर्गवारी केली, तेव्हा भारत निर्बंधमुक्त देशांच्या यादीत नव्हता. मे महिन्यात तो नियम मागे घेतला गेला, पण परमच्या काळातला धडा अजून कालबाह्य झालेला नाही, एवढे त्यातून कळले.

यावर ‘स्वदेशी ऑपरेटिंग सिस्टीम आहे ना!’ असे समाधान करून घेतले जाते. सी-डॅकची ‘बॉस’ ही प्रणाली 2007 पासून आहे. संरक्षण मंत्रालयाच्या ‘माया’ प्रणालीची वार्ता 2023 मध्ये गाजली. पहिली डेबियनवर आणि दुसरी उबुंटूवर आधारलेली आहे. यात लाजण्यासारखे काही नाही. उबुंटूही डेबियनवरच उभी आहे. मुक्त सॉफ्टवेअरचा धर्मच तो आहे. मात्र त्या धर्माचा दुसरा अर्धा भाग आपण विसरतो. नदीतून पाणी घ्यावे, तसे नदीची वाटही मोकळी ठेवावी. मूळ कर्नलमध्ये आणि मेसामध्ये आपल्या सार्वजनिक संस्थांकडून दरवर्षी किती दुरुस्त्या गेल्या, किती दोषांचे निदान झाले, हा आकडा विज्ञानवार्तेत कधी दिसतो का? बोधचिन्ह बदलल्याने प्रणाली स्वदेशी होत नाही. ती बिघडल्यावर दुरुस्त करणारे हात येथे असतील, तरच ती स्वदेशी.

असे हात घडू शकतात, याची उदाहरणे समोर आहेत. ॲलिसा रोझेनझ्वाइग यांनी विद्यार्थिदशेतच एआरएम कंपनीच्या माली जीपीयूंसाठी मुक्त ड्रायव्हर लिहायला सुरुवात केली. पुढे ‘असाही लिनक्स’ या प्रकल्पात ॲपलच्या जीपीयूसाठी, निर्मात्याच्या कागदपत्रांविना, मोजक्या मंडळींनी ड्रायव्हर उभारला, आणि फेब्रुवारी 2024 मध्ये तो ओपनजीएल 4.6 या मानकाच्या अधिकृत कसोटीस उतरला. त्यांच्याकडे दहा हजार कोटी नव्हते. चिकाटी होती आणि नोंदी वाचण्याची सवय होती. आपल्याच देशात केरळने शालेय संगणकशिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर आणले. 2019 मध्ये दोन लाखांहून अधिक शालेय संगणकांवर स्वतःच्या गरजेप्रमाणे बांधलेले लिनक्स बसवण्याचे त्या राज्याने जाहीर केले. ‘लिटिल काइट्स’ या विद्यार्थिमंडळांतून मुलेच शाळेच्या संगणकांची देखभाल करायला शिकतात. जर्मनीने 2022 मध्ये मुक्त सॉफ्टवेअरच्या पायाभूत देखभालीसाठी एक सार्वजनिक निधी उभारला आणि 2023 मध्ये त्यातून ग्नोम प्रकल्पाला 10 लाख युरो दिले. आपल्या चलनात ही रक्कम तेव्हाच्या दराने सुमारे 9 कोटी रुपये होती.

आता इंडियाएआयच्या तरतुदीशी तुलना करा. 10,371.92 कोटींचा दोनशेवा भाग म्हणजे सुमारे 52 कोटी. पाच वर्षांत वाटला तर वर्षाला सुमारे 10 कोटी. एका अभियंत्यामागे वार्षिक 25 लाख रुपये धरले, तर 40 माणसे पूर्णवेळ फक्त कर्नल, मेसा आणि जीपीयूच्या दोषनिदानावर काम करू शकतील. मोहिमेला या खर्चाचा ओरखडाही उठणार नाही.

म्हणून मागण्या स्पष्ट आहेत. एक: सी-डॅक आणि निवडक आयआयटींत ग्राफिक्स व संगणन ड्रायव्हरांचे कायमस्वरूपी गट असावेत, आणि त्यांचे मूल्यमापन मूळ प्रकल्पांनी स्वीकारलेल्या दुरुस्त्यांवर व्हावे, समारंभांवर नव्हे. दोन: केंद्र सरकारच्या 2015च्या मुक्त स्रोत धोरणाचा तर्क खरेदीच्या निविदांत ड्रायव्हरपर्यंत न्यावा. ज्या कार्डाचा कर्नलमधील ड्रायव्हर मुख्य प्रवाहात आहे त्याला प्राधान्य मिळावे. विक्रेत्याने आधार काढून घेतल्यास फर्मवेअरची किल्ली किंवा कागदपत्रे खुली करावीत, ही अट करारातच असावी. तीन: आयटीआय आणि तंत्रनिकेतनांच्या अभ्यासक्रमात दोषनिदान हा प्रात्यक्षिक विषय व्हावा. एका कर्नल आवृत्तीत साधारण दहा हजारांहून अधिक बदल असतात. त्यांतला नेमका कोणता बदल स्क्रीन बिघडवतो, हे ‘गिट बायसेक्ट’ने प्रत्येक वेळी निम्मे बदल वगळत जवळपास 14 चाचण्यांत शोधता येते. द्विभाजनाची ही रीत फळ्यावर शिकवली जाते. ती खऱ्या दोषावर वापरू द्यावी. चार: विज्ञानवार्ता लिहिणाऱ्यांनी जीपीयूंच्या संख्येसोबत आणखी दोन आकडे विचारावेत. त्यांपैकी प्रत्यक्षात किती तास किती चालले, आणि बंद पडलेल्यांचे निदान कोणी केले?

वाचकांनाही एक विनंती. पुढच्या वेळी लिनक्सवर स्क्रीन लुकलुकली, तर लगेच सारे पुसून पुन्हा टाकू नका. कार्ड कोणते, ड्रायव्हर कोणता चालू आहे, कर्नलची आवृत्ती कोणती, दोष स्क्रीनशॉटमध्ये उतरतो का, जुन्या कर्नलवर येतो का, हे पाच मुद्दे लिहून काढा. मागील वेळच्या सुरुवातीची कर्नल-नोंद जपून ठेवा. तिच्यातून स्वतःचे नाव, संगणकाचे नाव यांसारखा खासगी तपशील काढून टाका आणि मग ती संबंधित प्रकल्पाच्या सार्वजनिक दोषनोंदणीत दाखल करा. इंग्रजी मोडकेतोडके असले तरी चालते. नोंद नेमकी असावी लागते. अशी एक नेमकी नोंद दूरच्या एखाद्या अभियंत्याचे आठवड्याचे काम वाचवते आणि तोच दोष सोसणाऱ्या हजारो अनोळखी माणसांच्या स्क्रीन स्थिर करते. आणि ज्या शाळेत, महाविद्यालयात किंवा कार्यालयात अशी नोंद लिहिणारा एक जरी माणूस तयार झाला, तेथे जीपीयूंच्या राष्ट्रीय आकड्यात न मोजली जाणारी, परंतु त्या आकड्याला अर्थ देणारी भर पडली असे खुशाल समजा.